इंग्रजी तेवढं राहिलं

मॅट्रिकच्या ऑक्टोबरच्या परीक्षेला कांतामावशी इतक्या वेळा बसली होती, की नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत तिला सगळे ऑक्टोबरबाईच म्हणत. ती खुशाल ओ द्यायची. इस्पितळात आया होती. मॅट्रिक झाली की तिला नर्सिंगसाठी अर्ज करायचा होता. बाकीचे विषय केव्हाच सुटले होते, इंग्रजी तेवढं हटून बसलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणून ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पेपरातल्या निकालात तिचा नंबर नसला, की बायका मुद्दाम विचारायच्या, इंग्रजी गेलं का गं?

"गेलं नाय, राहिलंय," ती म्हणायची. "गेलेलं परत येत नाय. राहिलेलं करता येतं."

आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून थेट माझ्याकडे, वही घेऊन हजर. पाठ केलेली स्पेलिंगं ती चार दिवसांत विसरायची. मी वैतागायचे. ती मात्र तोंड पाडून बसलेली मला कधी दिसली नाही. पोटभर जेवायची, गाढ झोपायची. वसाहतीला खरा राग त्याचाच होता.

सहाव्या खेपेला ती सुटली. छत्तीस मार्क. टोमणे मारणाऱ्या घरांत तिने पेढे दोन-दोन दिले. मग गुणपत्रिका घेऊन आम्ही दोघी नर्सिंगचा अर्ज भरायला कचेरीत गेलो. कारकुनाने जन्मतारीख पाहिली आणि कागद परत सरकवला. वय उलटून गेलं होतं. इतक्या वर्षांत हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, याचा मला आजही संताप येतो. बाहेर आल्यावर रडले ती मीच.

"वय तर तसंही उलटलंच असतं," मावशी म्हणाली. "मॅट्रिक न होता उलटलं असतं. पूस डोळे."

आठवड्याच्या आत तिने इस्पितळातल्या तीन तरण्या आया माझ्या दारात आणून उभ्या केल्या. "ह्यांची वयं हायेत अजून. शिकव." माझीच परीक्षा तोंडावर आली होती, मी कुरकुरले. तिने चटई अंथरली.

त्यांतली शकू पुढे खरोखरच नर्स झाली. काही वर्षांनी मावशी त्याच इस्पितळात खाटेवर होती, तेव्हा मी तिला भेटायला गेले. आमची ती शेवटची भेट. शकू इंजेक्शन घेऊन आली. मावशीत फारसं त्राण उरलं नव्हतं, तरी तिने हात मागे घेतला.

"आधी बाटलीवरचं इंग्रजी वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."

शकूने न अडखळता वाचलं. मग मावशीने हात पुढे केला.