अर्धा वरवंटा

माझे बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. चाळीस वर्षं त्यांनी औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एकाही बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावली नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. बाटल्यांचं मला माहीत नाही. पण एकोणीस वर्षं ते आईची कबर समजून भलत्याच माणसाच्या कबरीला चुना लावत होते, हे मला माहीत आहे. त्यांना ते माहीत नव्हतं.

यात दोष त्यांचाच. सुरुवात वरवंट्यापासून करते.

मी दहा-अकरा वर्षांची असताना बाबांनी पलंगाच्या पायाला पाचर ठोकायला आईचा वरवंटा घेतला. घरात हातोडी होती. ती शोधायला उठावं लागलं असतं. तिसऱ्या ठोक्याला वरवंट्याचे दोन तुकडे झाले. बाबांनी एक तुकडा परसात फेकला आणि दुसरा पाट्यावर नीट ठेवून दिला, जणू आईला कळणारच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा वरवंटा आणला. आईने तो शेजारणीला देऊन टाकला. पुढे जन्मभर ती त्या अर्ध्या वरवंट्यानेच चटणी वाटत राहिली. घरात मिक्सर आला तरी लसूण ठेचायला तोच. पाहुणे आले की मुद्दाम त्यांच्यादेखत ठेचायची आणि म्हणायची, "काय करू बापा, आमच्या घरी अर्धाच आहे." बाबा तेवढ्यापुरते उठून बाहेर जात.

आई गेली तेव्हा मी तो वरवंटा पदराखाली कब्रस्तानात नेला आणि लाकडी क्रूसाच्या पायथ्याशी ठेवला. मला रडता येत नव्हतं, तर निदान तिची बाजू तरी मांडावी, असं वाटलं. बाबांनी तो पाहिला आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी उमरेडला सासरी परत गेल्यावर ते एकटे तिथे गेले आणि ओल्या मातीत टाचेने दाबून त्यांनी वरवंटा पार आत घातला. मला त्यांनीच मोठ्या फुशारकीने सांगितलं. म्हणाले, "लोकं म्हणतील, कंपाउंडरनं बायकोच्या डोक्यावर वरवंटा ठेवला."

मी म्हटलं, "म्हणू द्या. खरंच आहे."

पुढे दोन वर्षांत क्रूसाला वाळवी लागली. कब्रस्तानात वाटेवर कडुनिंबाची दोन झाडं होती. आईची कबर नळाजवळच्या झाडासमोर, वाटेपासून तिसरी. तेच झाड वादळात पडलं आणि कोणीतरी तोडून नेलं. आमच्यात ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे आपापल्या कबरी साफ करतात, चुना लावतात, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे उपासना तिथेच असते. त्या वर्षी बाबा गवंडी घेऊन गेले, राहिलेल्या कडुनिंबासमोर वाटेपासून तिसरी कबर मोजली आणि तिच्यावर पक्का ओटा बांधून घेतला. नाव घातलं नाही. म्हणाले, "मी गेलो की दोघांचं एकदमच घाला. दोनदा कायले खटाटोप?"

मी उमरेडहून आले तेव्हा ओटा बांधून झाला होता. मी पाहिलं आणि तिथेच म्हटलं, "बाबा, ही आपली नाही."

"काय म्हणून राहिली वं?"

"आई नळाजवळ आहे. हे झाड वेगळं आहे."

"तू चौथी शिकली. मले मोजणं शिकवते का?"

"चौथीत तीनपर्यंत शिकवतात बाबा."

"माझी बायको होती. मले माहीत नसन, तर तुले माहीत असन?"

माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, चुन्याची बादली घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "बाई, जाऊ दे ना. सणाच्या दिवशी कायले?" त्याचं आयुष्यभराचं म्हणणं हेच.

दुसऱ्या दिवशी उपासना संपली आणि सगळे चहाला गेले. तेव्हा मी छत्रीची एक सळई काढून नळाजवळ गेले आणि वाटेपासून तिसऱ्या जागी, जिथे आता नुसतं गवत होतं, तिथे टोचत बसले. पाच-सहा वेळा सळई मातीत गेली. मग टक्क आवाज आला. थोडी माती उकरली. काळा दगड, एका बाजूला गोल, एका बाजूला तुटलेला. मी माती परत सारखी केली आणि चहाला गेले.

सांगणारच होते. पण चहा घेऊन परत येऊन पाहते तर बाबा त्या ओट्यावर बसून बोलत होते. "अगं, यंदा सुनेनं चकलीत मोहन कमी घातलं. दात तुटला असता. मी काही म्हटलं नाही. तू असती तर म्हटलं असतं." इतकं सलग ते आई जिवंत असताना तिच्याशी कधी बोलले नव्हते. आई मधेच तोडायची ना. इथे तोडणारं कोणी नव्हतं.

मनात म्हटलं, बोलू देत. जायची वेळ येईल तेव्हा मी दुरुस्त करीन.

पुढे यजमान गेले आणि मी नागपुरातच राहायला आले, प्रताप नगरला भावाच्या घराजवळ. मग दरवर्षी बाबांबरोबर मीच कब्रस्तानात जाऊ लागले. चुना जरीपटक्याच्या एकाच दुकानातला लागायचा, कुंचला आदल्या वर्षीचा चालायचा नाही. ते ओट्याला तीन हात चुना लावत, कोपरेसुद्धा. मी तोवर नळावरून पाणी आणायच्या निमित्ताने जाऊन आईच्या जागेवरचं गवत उपटून यायची. बाबा ओरडत, "एक बादली भरायले इतका वेळ?"

एका वर्षी मी अशीच नळावर असताना बाबांहून थोडा लहान असेल असा एक म्हातारा माझ्याजवळ आला. पांढरा सदरा, हातात मेणबत्तीचा पुडा. कन्हानहून आला होता. बरीच वर्षं बाहेरगावी होता, आता परतला होता.

"बाई, ते तिकडे बसले ते तुमचे कोण?"

"वडील."

"ते माझ्या बापाले 'अगं' म्हणून राहिले."

मी बादली खाली ठेवली. त्याने खिशातून पाळकसाहेबांच्या सहीचा कागद काढला. त्यावर रांग आणि नंबर होता. त्याचे वडील रेल्वेत गार्ड होते. म्हणजे बाबा इतकी वर्षं एका गार्डला चकलीचं मोहन, सुनेचे कापलेले केस आणि माझ्या जिभेचा कडूपणा सांगत होते. आमच्या घरातली एकही भानगड त्या गार्डाला ठाऊक नव्हती असं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. चूक माझी नव्हती. फक्त म्हटलं, "म्हातारा नव्वदीला आला आहे. आता सांगितलं तर त्याला परत पहिल्यापासून सगळं बोलावं लागेल."

त्याने ओट्याकडे पाहिलं. बाबा तेव्हा ओट्याचा एक कोपरा पुसत होते आणि काहीतरी दटावत होते. मग तो म्हणाला, "माझ्या बापाशी घरात कोणी बोलत नव्हतं. तो ड्यूटीवरून यायचा आणि झोपायचा. आईसुद्धा इतकं बोलली नसन." मग हसला. "राहू द्या. पण मी मेणबत्ती कुठे लावू?"

"संध्याकाळी लावा. आम्ही दुपारी निघतो."

तेव्हापासून तो संध्याकाळी यायचा. एका वर्षी बाबांनी सकाळी ओट्यावर वितळलेलं मेण पाहिलं आणि म्हणाले, "कोणी तरी हिच्यासाठी मेणबत्ती लावते. चांगली बाई होती. लोकं विसरत नाहीत." मी मान हलवली.

शेवटच्या दोन वर्षांत बाबांचं एकच टुमणं होतं. "मले तिच्याजवळ ठेवा. दुसरीकडे कुठेच नको. ऐकून राहिली का?"

"तुम्हाला तिच्याजवळच ठेवीन."

"जागा माहीत आहे ना तुले?"

"मला माहीत आहे," मी म्हणायची. खोटं नव्हतं.

नाताळ झाला आणि चौथ्या दिवशी बाबा प्रभूत निजले. सकाळी चहात बिस्कीट बुडवलं, ते बशीत तुटून पडलं, त्यावर चिडले आणि गेले. त्र्याण्णव वर्षांचे होते. बिस्किटाच्या कंपनीवर त्यांचा शेवटचा आरोप होता की पूर्वीसारखं राहिलं नाही.

मी आंघोळ घालायला मदत केली, कोट चढवला, आणि कन्हानला फोन लावला. मग रिक्षा करून थेट कब्रस्तानात गेले. भावाने माझ्या आधीच निरोप धाडला होता. खोदणारा माणूस ओट्याच्या बाजूला चुन्याने चौकोन आखून बसला होता, आणि भाऊ पाळकसाहेबांशी बोलत होता.

मी म्हटलं, "इथे नाही."

भाऊ म्हणाला, "बाई, आज तरी नको ना. बाबांनी स्वतः दाखवलेली जागा आहे."

"बाबांनी आईजवळची जागा मागितली. आई तिकडे नळाजवळ आहे."

"डोकं फिरलं का तुझं? एकोणीस वर्षं आपण..."

"तू बादली धरली होतीस. मोजलं बाबांनी. चुकीचं मोजलं."

तो पाळकसाहेबांकडे पाहू लागला, त्यांनी मला आवरावं म्हणून. पाळकसाहेब तरुण होते. ते म्हणाले, "आजी, या ओट्याखाली कोण आहे मग?"

"माझे वडील," मागून आवाज आला. कन्हानचा म्हातारा येऊन पोचला होता. त्याने कागद काढला. पाळकसाहेबांनी वाचला, नंबर पाहिला, ओळ मोजली आणि कागद भावाच्या हातात दिला. भावाने दोनदा वाचला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुले किती दिवसांपासून माहीत होतं?"

"ओटा बांधला त्या वर्षापासून."

"आणि मले सांगितलं नाही?"

"तू म्हणाला होतास, जाऊ दे."

तो खरंच रागावला होता. म्हणाला, "आता तू म्हणते ती जागा खरी कशावरून? तिथे काहीच नाही. उद्या बाबांना भलत्याच्या शेजारी ठेवलं तर?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बापाला एकदाच पुरता येतं.

आम्ही सगळे नळाजवळ गेलो. मी गवताकडे बोट दाखवून खोदणाऱ्याला म्हटलं, "इथे सब्बल हळू मार गा. एक वीत खाली."

त्याने पहार मारली. माती. पुन्हा मारली. माती. मला पहिल्यांदा भीती वाटली. इतक्या वर्षांत पाण्याने दगड सरकला असेल तर? मी म्हटलं, "जरा उजवीकडे." तिसऱ्यांदा टक्क झालं.

त्याने हाताने माती काढली आणि दगड वर आणून नळाखाली धुतला. काळा, एका बाजूला गोल, एका बाजूला तुटलेला. भावाने तो हातात घेतला. तो पाच वर्षांचा होता तेव्हा, पाचर ठोकताना पलंगाचा पाय त्यानेच धरला होता. तो मटकन खाली बसला आणि हसायला लागला. खांदे हलत होते. एव्हाना बाबांची पेटी येऊन पोचली होती. तिच्याबरोबर आलेल्या बायका म्हणाल्या, "मुलाला फार लागलं बघा."

जुनी कबर घरच्याच माणसासाठी उघडता येते. आमच्यात ते चालतं. पाळकसाहेबांनी होकार दिला. खोदणाऱ्याने आईला धक्का लागणार नाही इतकंच खोदलं. बाबांना तिथे ठेवलं, गीत झालं, प्रार्थना झाली, आम्ही मूठ-मूठ माती टाकली. सगळं झाल्यावर मी वरवंटा वर ठेवला, डोक्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा. आता टाचेने दाबायला बाबांना येता येत नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी आणि भाऊ चुना घेऊन गेलो. जरीपटक्याचाच घेतला. दुसऱ्या दुकानाचा नेऊन पाहावा असं मनात आलं होतं, धीर झाला नाही. तिथे कन्हानचा म्हातारा आधीच येऊन आपल्या वडिलांच्या ओट्याला चुना लावत होता. एकच हात, तोही पट्ट्या-पट्ट्यांचा. कोपरे कोरडेच.

मी म्हटलं, "हे काय? माझ्या बाबांनी पाहिलं असतं तर कुंचला हिसकावला असता."

"मग तुम्ही लावा," तो म्हणाला.

मी लावला. तीन हात. कोपरेसुद्धा. तो बाजूला उन्हात बसून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, तुमचे वडील गेले आणि इथं एकदम शांत झालं. माझ्या बापाले सवय झाली होती."

"तुम्ही बोला मग. मुलगा आहात."

"मले काय बोलावं, सुचतच नाही."

"चकलीपासून सुरू करा," मी म्हटलं आणि बादली घेऊन नळाकडे गेले.