दारामागचा इठोबा
खडूची धूळ नाकात गेली की मला कोपरगावच्या कचेरीतली रेकॉर्डची खोली आठवते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे नवा कारकून होतो. एक म्हातारी नवऱ्याच्या मृत्यूची नोंद शोधायला परत परत येई. त्या नोंदीवाचून जमीन तिच्या नावावर होत नव्हती. ती सांगे, "इठोबा." अव्वल कारकून गंभीरपणे सुधारत, "विठोबा म्हणा, बाई," आणि 'व'ची यादी पाहून निकाल देत, "असा माणूस दप्तरात नाही." "मंग मी नांदले कुनासंगं, भाऊसायेब?" ती एकदा म्हणाली. अव्वल कारकुनांनी यादी मिटून ठेवली. त्या दिवसापासून न सापडलेलं प्रत्येक नाव मी दारामागे खडूने लिहू लागलो, लोक बोलत तसंच. इठोबा, इष्णू, इमल, इस्वनाथ. दार भरत आलं तेव्हा दिसलं, की बहुतेक 'इ'चेच आहेत. 'इ'ची यादी काढली, तर सगळे तिथेच होते. गावच्या पाटलाने ऐकलं तसं लिहिलं होतं, शुद्ध आम्ही करत होतो. दाखला हातात घेऊन म्हातारी म्हणाली, "आमचं मालक हुतं म्हना की!" आता निवृत्तीनंतर कधी कचेरीत गेलो आणि संगणकाने नोंद नाही म्हटलं, की मी त्यासमोर बसलेल्या कारकून पोराला सांगतो, "एकदा चुकीचं लिहून बघ."