दोन ते तीनची सतरंजी

आमच्या चर्चमध्ये दर शुक्रवारी साखळी प्रार्थना असते. बोंडअळीने लागोपाठ कापूस खाल्ला त्या वर्षांत ती सुरू झाली. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत एकेकाने एकेक तास वेदीपुढच्या सतरंजीवर गुडघे टेकायचे, आणि पुढचा माणूस येऊन खांद्यावर हात ठेवेपर्यंत उठायचं नाही. नियम एवढाच. दोन ते तीन हा तास माझा होता. राळेगावकडच्या त्या गावात मी मास्तर. शाळा चर्चला लागूनच, आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास मला मोकळा असे. माझ्या आधी एक रिटायर कंपाउंडर बसायचे. माझ्यानंतर कापूस वेचायला जाणारी एक मावशी.

प्रार्थनेच्या विषयांची चिठ्ठी वेदीवर ठेवलेली असे. पाऊस, कोणाचं पोट, कोणाच्या मुलीचं लग्न. त्या वर्षी सगळ्यांत वर होते मावशीच्या मुलाचे डोळे. फवारणी करताना औषध उडून डोळ्यांत गेलं आणि त्याला दिसेनासं झालं होतं.

पहिले काही महिने मी बसलो. खरंच बसलो. मग बसवेना. याला काही मोठं कारण असतं तर आज सांगायला बरं पडलं असतं. श्रद्धा गेली म्हणावं, तर तीही गेली नव्हती. नुसता थकलो होतो. तेच विषय, तेच शब्द, आणि पुढच्या शुक्रवारी चिठ्ठी जशीच्या तशी. एक दिवस कंपाउंडरांची सायकल वळणाआड गेली आणि मी उठलो. मागच्या दाराने निघून फाट्यावर गेलो, चहा प्यालो, पेपर चाळला. तीनला पाच कमी असताना परत येऊन गुडघे टेकले. मावशी आली, तिने खांद्यावर हात ठेवला, मी डोळे पुसल्यासारखं करून उठलो. झालं. मग दर शुक्रवारी तसंच.

थंडीत एकदा परतलो तर मावशी आधीच सतरंजीवर. पदराला कापसाचे तंतू चिकटलेले.

"आज लवकर, मावशी?"

"वावर जवळच होतं आज, गुरुजी," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पुढच्या शुक्रवारी मी अडीचलाच परतलो, तरी ती आलेली होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सव्वादोनला परतलो, तरीही. दर शुक्रवारी वावर जवळच कसं, हे मी विचारलं नाही. लिहायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं झालं. तास काही रिकामा राहत नव्हता. मग मी परत येणंही सोडलं.

नाताळच्या उपासनेत पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आपले गुरुजी पाहा. शाळा सांभाळून एक तास चुकवला नाही." मंडळी "आमेन" म्हणाली. बायकांच्या बाजूने मावशीचं आमेन सगळ्यांत स्पष्ट ऐकू आलं. मला वाटलं, हिच्या काही लक्षात आलेलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली. वेचणीला बायका गोळा करून नेण्याचं तिचं काम. बोलता बोलता तिनेच मावशीचा विषय काढला. "तुमच्या चर्चातली ते बाई हाय ना गुरुजी, हात लय चालते तिचा. पन शुक्रवारी दुपार झाली का उठून पळते. मालक मले बोलते ना. मंग मी तिले बलावनंच सोडलं."

"काहून जाते, विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हणे, दोन तास हायेत माहे. म्या म्हटलं, काहून वं, तू बी शाळेत शिकवतं का?" आणि ती खूप हसली.

त्या शुक्रवारपासून मी पुन्हा पूर्ण तास बसू लागलो. पण चोराने वस्तू गुपचूप जागेवर आणून ठेवावी, तसं होतं ते. मावशीला त्या बाईने परत कधी बोलावलं नाही. आणि मावशीला सांगायला मला पुढची नऊ वर्षं लागली.

गेल्या पावसाळ्यात तिचे गुडघे पार गेल्याचं कळलं, तेव्हा गेलो. ती खाटेवर बसून डाळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चहा, पेपर, मागचं दार. तिचा हात थांबला नाही.

"माहीत हाय मले."

"कसं?"

"सतरंजी थंडी राहे, गुरुजी. मानूस तासभर बसला तं सतरंजी कशी राहते, मले समजत नाही का?"

"मग पाळकसाहेबांना का नाही सांगितलं?"

"देवाले सांगतलं ना. त्याच्या वरतं कोन हाय आनखी?"

मुलाचा एक डोळा पुढे सुधारला होता, दुसरा गेला तो गेलाच. तेच मला विचारायचं होतं. "मावशी, तो दुसरा डोळा..."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि चक्क हसली. "म्हंजे एक डोळा माह्या तासाचा अन् एक तुमच्या तासाचा? असं नसते गुरुजी. त्या डोळ्यात औषधच जास्त गेलतं." मग डाळीतला एक खडा काढून तिने बाजूला टाकला. "पन तवा त्याच्या डोळ्यासाठी मी एकटीच बोलत होती तिथं. दोघं असतो तं मले बरं वाटलं असतं."

मी माफी मागितली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "आता गुडघे टेकत नाहीत माहे. तीन ते चार तुम्हीच घ्या."

शाळेतले तास इकडचे तिकडे करून आता मी दोन ते चार बसतो. पूर्वीची गोडी परत आली, असं मी म्हणणार नाही. माझे शब्द वीस मिनिटांत संपतात. अडीच वाजता फाट्यावरच्या चहाची आठवण येते, अजून येते. मग चिठ्ठी पहिल्यापासून परत म्हणतो. साखळीत आता मधले कितीतरी तास रिकामे आहेत. चारला मात्र मावशीचा मुलगा येतो.

पहिल्या शुक्रवारी तो आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी उठलो, तर गुडघे टेकण्याआधी तो वाकला आणि सतरंजीवरून तळवा फिरवू लागला.

"काय पाहतो रे?"

"मायनं सांगतलं. पयले हात लावून पाह्य म्हणे."

मी तिथेच उभा राहिलो. दोन तासांनी पाय बधिर झाले होते. त्याने सावकाश सगळीकडे हात फिरवला.

"गरम हाय," तो म्हणाला. "जा, गुरुजी. चहा प्या आता."