निळं पाणी पाचव्या गाळ्यात

मिस्त्रीणबाई कुणाच्याही घरी गेली की आधी जमिनीकडे बघायची. घरातली बाई "बसा ना, बसा" म्हणत असायची आणि ही मोरीच्या दाराशी मान वाकडी करून उभी. "तुमच्याकडे पाणी त्या कोपऱ्यात थांबतं, हो ना?" असं तिने विचारलं की समोरची बाई तोंडात बोट घालायची, कारण तो कोपरा ती वर्षानुवर्षं रोज फडक्याने टिपत आलेली असायची.

वडील कोबा घालायचे. कोबा म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन. पोरगी त्यांच्यामागे घमेली उचलत मोठी झाली. ती एकवीस वर्षांची असताना वडिलांचा हात मोडला आणि एका शाळेची पडवी अर्धवट राहिली. ती हिने एकटीने पुरी केली. हेडमास्तरांनी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी इकडेतिकडे न भटकता सरळ जाळीत गेलं. त्या दिवसापासून तिचं खरं नाव मागे पडलं आणि मिस्त्रीणबाई हेच नाव चिकटलं. आता बावन्नाव्या वर्षी तिच्या तळव्यांना सिमेंटच्या भेगा होत्या, कानामागे पेन्सिल असायची आणि पिशवीत पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीतला बुडबुडा दाखवून उतार सांगणारी पट्टी. नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, "मी लोकांची मापं घेतो, ही जमिनीची घेते. जमीन निदान पोट आत ओढून उभी राहत नाही."

कशालाही न डगमगणाऱ्या या बाईला भीती एकाच गोष्टीची होती. कुत्र्याची. लहानपणी एका कुत्र्याने तिच्या फ्रॉकचा घेर दातात धरून तिला अख्खी गल्ली फिरवलं होतं. तेव्हापासून लांबून भुंकणं जरी ऐकू आलं तरी ती रस्ता बदलायची.

अशा बाईकडे एका मंगळवारी दुपारी तिची नणंद धापा टाकत आली. नणंद पंचेचाळीस वर्षांची, पण घरात अजून छकुलीच. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती; कुत्र्यांचे गाळे धुणं, त्यांना खाऊ घालणं, सगळं तिच्याकडे.

"वहिनी, पाणसळ घे आणि चल."

"कुठे?"

"आमच्या दवाखान्यात. नाही म्हणू नकोस. पिल्लं मरतायत गं."

मग पाणीसुद्धा न पिता छकुलीने सगळं सांगितलं. दवाखान्यात ओळीने सहा गाळे होते; शेवटचा सहसा रिकामाच असायचा. महिनाभर पिल्लांना जुलाब-उलट्यांचा भयंकर आजार लागत होता. आधी दुसऱ्या गाळ्यातलं पिल्लू पडलं, मग तिसऱ्यातलं, मग चौथ्यातलं. डॉक्टरांनी काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. भांडी वेगळी केली, बूट बदलायला लावले, औषधाच्या पाण्याने भिंती धुऊन काढल्या. तरी पाचव्यातली दोन पिल्लं गेलीच.

"आणि पहिला गाळा?" मिस्त्रीणबाईने विचारलं.

"तेच तर! पहिल्यात आजवर कुणीच आजारी पडलं नाही. मला वाटतं हे पाण्यातून जातंय, वहिनी. पण मी गाळे धुणारी, माझं कोण ऐकणार? आणि शेजारी नवीन आठ गाळे बांधतायत. शुक्रवारी तिथेही तशीच जमीन घालणार आहेत!"

मिस्त्रीणबाईने बोटांवर गाळे मोजले. पहिला गाळा सोडून पुढचे सगळे! ही आजाराची चाल नव्हती, ही उताराची चाल होती. तिने पिशवी खांद्याला अडकवली. भीती वाटत होती, पाचावर धारण बसली होती, पण पाय मात्र नणंदेच्या पुढे धावत होते.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला ते गाळे होते. प्रत्येकाला पुढे लोखंडी दार, मध्ये कमरेएवढ्या भिंती आणि मागच्या भिंतीलगत एक उघडी चर. ही चर सहाही गाळ्यांतून आरपार गेली होती. मधल्या भिंतींना खाली भोकं ठेवली होती. मिस्त्रीणबाई दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. ती मागच्या मागे छकुलीच्या पायावर पडली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, पण रात्रंदिवसच्या काळजीने डोळे खोल गेलेले.

"काय चाललंय?"

छकुली वहिनीच्या मागे सरकली. मिस्त्रीणबाईच पुढे झाली. "डॉक्टर, मी हिची वहिनी. कोबा घालते. मला दहा मिनिटं द्या, थोडी कपड्यांची नीळ द्या आणि या सगळ्यांना बाहेर न्या. एक तर निळं पाणी कुणी चाटायला नको. आणि दुसरं म्हणजे, मला यांची भीती वाटते."

डॉक्टर हसले. बहुतेक खूप दिवसांनी हसले असावेत. कुत्री अंगणात गेली. चादरी धुवायच्या खोलीतून नीळ आली. मिस्त्रीणबाईने बादलीत ती कालवली आणि दुसऱ्या गाळ्यात ओतली.

तिघंही वाकून बघू लागले. निळं पाणी मागच्या चरीत उतरलं. भोकातून तिसऱ्या गाळ्यात शिरलं. चौथ्यात गेलं. आणि पाचव्यात थबकलं! तिथे चर खचली होती. पाणी काठावरून वर आलं, जमिनीवर पसरलं आणि पिल्लांच्या पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन निळं तळं करून बसलं.

पहिला गाळा कोरडा ठणठणीत.

 मग डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मी वरून औषध देतोय आणि खालून आजार वाहतोय! छकुलीताई, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत," छकुली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे पुढचे गाळे रिकामे करायला सांगितले. पिल्लं वरच्या खोलीत हलली. मग ते मिस्त्रीणबाईकडे वळले. "आता सांगा, नवीन गाळ्यांत पाणी काढायचं कसं?"

"परवा सांगते," ती म्हणाली. घरी जाताना तिला आपण चालतोय की उडतोय हेच कळेना. तीस वर्षं तिने लोकांच्या मोऱ्या केल्या होत्या, पण मोरी कशी असावी हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे, 'इथे करा.'

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली. त्यात ओली माती थापून छोटे गाळे केले. नवरा दुकान बंद करून आला तो बघतच राहिला.

"जेवण परातीत आहे का?"

"जेवण डब्यात आहे. अहो, मला काळा दोरा बारीक कातरून द्या. कुत्र्याचे केस हवेत."

शिंप्याने निमूट कात्री उचलली. आधी तिने प्रत्येक गाळ्याच्या मध्यात भोक ठेवून वाटीने पाणी ओतून पाहिलं. पाणी चारही बाजूंनी मध्ये आलं खरं, पण कुत्र्याने बसायचं कुठे? जिथे बसेल तिथे ओल. आणि दोऱ्यांनी भोक तिसऱ्याच वाटीला तुंबलं. तिने माती मोडली. दुसऱ्यांदा सगळा उतार मागे नेला, पुढची बाजू कोरडी राहील असा. प्रत्येक गाळ्याला मागच्या भिंतीत स्वतःचं वेगळं तोंड दिलं आणि पाणी भिंतीबाहेरच्या झाकलेल्या चरीत टपकन खाली पाडलं. एकदा बाहेर पडलेलं पाणी पुन्हा कुठल्याच गाळ्यात डोकावू शकत नव्हतं.

"पण केस?" नवऱ्याने विचारलं. आता तोही मांडी ठोकून बसला होता.

"बाहेरच्या बाजूला टोपली. जाळीची, कडी असलेली."

"बाहेरूनच उचलता येईल अशी कर. छकुलीची कंबर धरते."

मिस्त्रीणबाईने नवऱ्याकडे असं बघितलं की तो लाजला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं!

गुरुवारी दवाखान्यात ठेकेदार नमुने घेऊन आला होता. मनाने वाईट नव्हता, पण घाईत होता. "डॉक्टर, चर म्हणजे चर. पाणी वाहतं, अजून काय पाहिजे? हवं तर वर ही जाळी टाकू." त्याने स्टीलची चकचकीत जाळी जमिनीवर ठेवली. चांगली जड, रुंद फटींची. "पाणी गपकन आत जातं."

मिस्त्रीणबाई जाळीकडे बघत राहिली. "छकुले, सगळ्यात लहान पिल्लू आण."

छकुलीने वीतभर तपकिरी पिल्लू आणून जाळीवर सोडलं. ते दोन पावलं चाललं आणि पुढचा पाय फटीत जाऊन अडकला. असं केविलवाणं ओरडलं की मिस्त्रीणबाईने विचार न करता खाली वाकून पाय हलकेच सोडवला आणि पिल्लाला उचलून पोटाशी धरलं.

छकुली डोळे विस्फारून बघत होती. "वहिनी... तू कुत्रा उचललास."

तेव्हा कुठे मिस्त्रीणबाईच्या लक्षात आलं. पिल्लू तिची हनुवटी चाटत होतं. तरी तिने ते खाली ठेवलं नाही. त्याला तसंच धरून ती ठेकेदाराला म्हणाली, "फट इतकी बारीक हवी की याचं नखसुद्धा जाणार नाही. गाळ्यात चर नको, चर बाहेर. नळ चार इंची, कमी नको. केस बाहेरच्या जाळीच्या टोपलीत अडतील, पण घाण जायला जागा हवी. नळाला बाक द्या, त्यात पाणी थांबलं की वास वर येत नाही. भिंत आणि जमीन मिळते तिथे कोपरा नको, गोलाई हवी, म्हणजे घाण लपत नाही. आणि आजाऱ्यांचा गाळा सगळ्यात शेवटी, त्याचा नळ वेगळा."

"आणि उतार?" ठेकेदाराचा आवाज आता मऊ झाला होता.

"फुटाला पाव इंच. कमी दिला तर पाणी बसून राहील, जास्त दिला तर म्हातारं कुत्रं घसरेल."

ठेकेदाराने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर वहीत भराभर लिहीत होते. "जमीन कोण घालणार?" त्यांनी विचारलं.

"हीच घालेल," ठेकेदार म्हणाला. "हे माझ्या माणसांना समजावत बसलो तर माझे केस त्या टोपलीत जातील."

पुढचे अकरा दिवस मिस्त्रीणबाई पहाटे उठून जात होती आणि गुणगुणत परत येत होती. तिने सुतळ्या ताणून प्रत्येक गाळ्याचा उतार बांधला, गुडघ्यांखाली पोतं घेऊन थापी चालवली. डॉक्टरांना आरशासारखी जमीन हवी होती. ती म्हणाली, "आरसा माणसांना. यांना पायाखाली पकड लागते," आणि ओल्या सिमेंटवरून बारदान फिरवून तिने वरचा थर थोडा खरखरीत केला. जमीन आठवडाभर भिजवून मुरवली.

मग आला परीक्षेचा दिवस. आठ गाळ्यांत आठ जण बादल्या घेऊन उभे राहिले: डॉक्टर, ठेकेदार, छकुली, दुकानाला सुट्टी देऊन आलेला शिंपी आणि दवाखान्यातली माणसं. मिस्त्रीणबाई बाहेर चरीपाशी. 

"ओता!"

आठ बादल्यांचा एकच धबाक आवाज झाला. पाणी चादरीसारखं पसरलं, मागे सरकलं, आठ तोंडांतून धो धो खाली कोसळलं. डॉक्टर मोठ्याने आकडे मोजत होते. विसाव्याला सात गाळ्यांत नुसती ओल उरली होती. डॉक्टर अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले आणि लहान मुलासारखे ओरडले, "थांबत नाही! कुठेच थांबत नाही!"

"थांबतंय," मिस्त्रीणबाई म्हणाली. सहाव्या गाळ्यात, तोंडापासून हातभर अलीकडे, मुठीएवढं डबकं उरलं होतं.

"एवढंसं तर आहे," ठेकेदार म्हणाला.

"पिल्लाची जीभ पण एवढीशीच असते." तिने छिन्नी काढली, तेवढा तुकडा फोडला आणि त्याच दुपारी पुन्हा भरला. मुरल्यावर पुन्हा पाणी ओतलं तेव्हा तिथे डबकं नव्हतं. मग ती खाली बसली आणि खदखदून हसत सुटली. छकुलीने तिला मिठी मारली. दोघी चिंब भिजल्या होत्या.

खरी परीक्षा दोन महिन्यांनी झाली. तिसऱ्या गाळ्यात आलेलं एक पांढरं पिल्लू त्याच आजाराने पडलं. डॉक्टरांनी लगेच त्याला शेवटच्या गाळ्यात हलवलं. छकुली रोज चौथ्या गाळ्यापाशी जाऊन श्वास रोखून बघायची. पहिला दिवस गेला, पाचवा गेला, दहावा गेला. चौथ्यातली तिन्ही पिल्लं एकमेकांचे कान ओढत धिंगाणा घालत होती. बाराव्या दिवशी पांढरं पिल्लूही उठून भांड्यातलं पाणी लपलप प्यायलं. छकुलीने तिथूनच फोन लावला. फोनवर ती काय बोलली ते मिस्त्रीणबाईला नीट कळलंच नाही, कारण मागे चौदा-पंधरा कुत्री भुंकत होती आणि छकुली हसत-रडत होती. पण जे कळायचं ते कळलं.

मग एके दिवशी दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. घोड्यांचा तबेला बांधायचा होता त्याला. डॉक्टरांनी पत्ता दिला होता. मिस्त्रीणबाईने त्याला आत बसवलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

"आधी मला सांगा," ती पुढे सरसावून म्हणाली, "नाल ठोकलेला घोडा जाळीवर उभा राहिला तर किती भार येतो? आणि तो दिवसाला पाणी किती सांडतो?"

त्या माणसाला दोन्ही माहीत नव्हतं. मिस्त्रीणबाईने पायात चपला सरकवल्या. "मग चला," ती म्हणाली, "घोडाच बघू."