तुमचा सरदार

मुखेडात माझ्या घरी दुपारी एक वाजता टीव्ही लागायचा, तो दोघांसाठी. एक मी, मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. दुसरा माझा पहिलीपासूनचा मित्र. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं शिलाईचं दुकान आहे. बाप दर्जी, आजा दर्जी, हाही दर्जी. माझी बायको गेली, मुलगा पुण्यात, आणि घरात भांड्याचासुद्धा आवाज होईना, तेव्हा हा आपणहून दुपारचा डबा घेऊन यायला लागला. "एकट्यानं जेवलं की अंगी लागत न्हाई," म्हणाला, आणि पहिल्याच दिवशी त्यानं टीव्ही लावला. एका जुन्या राजघराण्यावरची मालिका होती. आदल्या संध्याकाळचा भाग दुपारी पुन्हा दाखवत.

मी तारखांच्या चुका काढायचो, तो कपड्यांच्या. राजा सिंहासनावरून गर्जना करायचा आणि हा भाकरीचा तुकडा हातात धरून ओरडायचा, "अरे मास्तरा, ती बाही बघ की! आतून इंटरलॉक मारलंय. राजाच्या दर्जीकडं मोटर व्हती का?" आणि तरी लढाई लागली की जेवण थांबवायचा. "आपले राजे आता घेतेत बघ त्याला," म्हणायचा. राजे आपले, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका नव्हती. माझ्याही नव्हती.

त्या मालिकेतली माणसं कपडे जुने घालत आणि बोलत मात्र आजचं. एकदा राणीनं भर दरबारात पोरींच्या शिक्षणावर भाषण ठोकलं. मला हसू आवरेना. "त्या काळी असं कोण बोलत होतं? हे सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याची नात दहावी झाली होती. तिला शिकवणीला लातूरला ठेवावं का, यावर त्याच्या घरात महिनाभर वाद चालला होता. "तव्हा न्हाई बोलली तर न्हाई. आता तर बोलायली ना?" तो म्हणाला. पुढच्याच आठवड्यात नातीची गादी आणि पेटी घेऊन तो लातूरच्या एसटीत बसला. परतल्यावर मला सांगत होता, चाकूर येईपर्यंत पोरगी रडली आणि चाकूर गेल्यावर हा. इतिहास खोटा असला तरी पोरीचं भलं झालं, हे मला कबूल करावं लागलं.

पण आजचं बोलणं एकाच दारानं थोडंच येतं? पुढच्या भागांत सुलतानाकडचा एक सरदार आला. डोळ्यांत सुरमा, हातात मटणाची तंगडी, विनाकारण खदाखदा हसणं. त्याच्या तोंडची वाक्यं मी सकाळी मोबाइलवर वाचलेल्या मजकुरासारखीच असत. पण मी मास्तर ना, मी गडाचं नाव बरोबर आहे का ते बघत बसलो. त्यानं मात्र पाहिलं होतं. "वाईट माणसाला दरवेळी हिरवी-काळीच मखमल का देतेत रे?" त्यानं एकदा विचारलं. "ठाणच्या ठाण आणून ठिवलं असंल," मी म्हणालो, आणि आपल्याच विनोदावर हसलो. तोही थोडंसं हसला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी आत चहा करत होतो. बाहेरून ते खदाखदा हसणं ऐकू आलं. दोन कप घेऊन बाहेर येता येता मी म्हणालो, "आला बघ तुमचा सरदार!"

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग चहा घेतला, भाग शेवटपर्यंत बघितला, डबा धुऊन घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन केला. लग्नसराई आहे, गिऱ्हाईक सोडंना, म्हणाला. मलाही ते खरं वाटलं, कारण खरं वाटून घेण्यात सोय होती.

आठवड्यानं त्याच सरदाराला पडद्यावर बघून ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप पुन्हा निघालं, रिकाम्या खोलीत, आणि तेव्हा ते मी पहिल्यांदा ऐकलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण मी तर जन्मभर पोरांना सर्वनामं शिकवली. 'बघ' हे त्याला एकट्याला म्हटलं होतं. साठ वर्षं तो मला एकटाच होता; तुझी सायकल, तुझी आई, तुझी ईद, तुझं दुकान. 'तुमचा' म्हणताना मी त्याच्या पाठीमागं कोणाकोणाला उभं केलं? चेष्टा होती, असं मी मनाला सांगून पाहिलं. मनाला पटेना. मला माझी लाज वाटली, आणि भीतीही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तो मशीनवर होता. मी नेहमीसारखा कापडाच्या गठ्ठ्यावर टेकणार, तेवढ्यात तो उठला. गिऱ्हाइकांची खुर्ची त्यानं हातानं पुसली आणि पुढं सरकवली.

"या गुरुजी. बसा."

"त्या दिवशी मी बोललो ते..." मी सुरुवात केली.

"कशाचं काय, गुरुजी. चहा सांगतो तुम्हाला."

चहा आला. नातीचं बरं चाललंय, असं त्यानं सांगितलं. तुमचा मुलगा कधी येणार, असं विचारलं. आवाजात राग असता तर मी भांडलो असतो, पाय धरले असते. राग कुठंच नव्हता. चहा संपवून मी "येतो" म्हणालो, तर तो दारापर्यंत सोडायला आला. असा तो कधीच यायचा नाही.

आई गेली, थोरला भाऊ गेला. बायको तर सुरुवातीपासूनच 'अहो' म्हणायची. मुखेडभर मला गुरुजी म्हणणारे शेकड्यानं आहेत, आणि 'अरे' म्हणणारा तो एकटाच उरला होता.