संध्याकाळी सहा वाजता बाहेर पडणे

आमच्या साडूंइतकी प्रवासाची तयारी केलेला आणि त्यांच्याइतका कमी प्रवास केलेला माणूस अख्ख्या ओमानात दुसरा नसेल. अल हैलच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून बसल्या बसल्या ते तुम्हाला युरोपातल्या कुठल्याही शहराच्या स्टेशनावर उतरवत, तिथून हॉटेलपर्यंत चालत नेत आणि वाटेत डाव्या हाताला औषधाचं दुकान कुठे लागेल तेही दाखवत. प्रत्यक्षात वीस वर्षांत मस्कतहून मुंबई आणि मुंबईहून गुहागर एवढीच काय ती त्यांची मुशाफिरी झाली होती, आणि तीसुद्धा एकट्याने.

एकट्याने, कारण त्यांचा धंदाच तसा. साडू एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. उन्हाळ्यात एसी बंद पडतात म्हणून त्यांना रजा नाही, आणि हिवाळ्यात ते बंद ठेवता येतात म्हणून उघडून साफ करायचे, तेव्हाही रजा नाही. उरायचा मार्च, तर मार्चमध्ये मुलीची परीक्षा. मग ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि त्यांची मुलगी मनवा अशा दोघी जूनच्या सुट्टीत गुहागरला जाऊन येत, आणि साडू मार्चमध्ये एकटे जाऊन त्यांनी घातलेलं लोणचं खाऊन परत येत. आमच्या घरात सकाळपाळी आणि दुपारपाळी आहे, असं ताई म्हणायच्या. म्हणताना हसायच्या, पण दर वेळी तेच म्हणायच्या.

मस्कतमध्ये असले तरी साडू घरच्यांना पुरते मिळत नसत, कारण त्यांचा फोन. तो केव्हाही वाजे. पलीकडून कोणीतरी गरम झालेला माणूस बोलत असे आणि साडूंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "पहले फिल्टर देखा क्या?" मनवाच्या पहिल्यापासून सोळाव्यापर्यंतच्या सगळ्या वाढदिवसांचे फोटो मी पाहिलेत. प्रत्येकात ताई टाळ्या वाजवताहेत, मनवा केक कापतेय आणि कोपऱ्यात फोन कानाला लावलेला अर्धा माणूस दाराकडे निघालेला आहे. लहानपणी मनवाने शाळेत 'माझे बाबा' म्हणून चित्र काढलं, त्यात बाबांची पाठ होती. साडू ते चित्र सगळ्यांना कौतुकाने दाखवत. एकदा मला दाखवताना मात्र ते मधेच थांबले आणि त्यांनी चित्र घडी करून खिशात ठेवलं.

दोन हजार पंधराच्या मे महिन्यात एका शुक्रवारी त्यांनी आम्हा नवराबायकोला, आम्ही मस्कतमध्येच अझैबाला राहायचो, जेवायला बोलावलं. कोंबडी-वडे झाले, सोलकढी झाली, आणि मग साडूंनी एक निळी फाइल पुढ्यात ठेवली. मनवा अकरावीत गेली होती. पुढच्या वर्षी बोर्ड, त्यानंतर कॅनडा. म्हणजे चौघा-पाचांनी मिळून, त्यातही बापलेकीने मिळून सुट्टीवर जायला एकच डिसेंबर शिल्लक होता, तो हा. आपण सगळे ख्रिसमसला ऑस्ट्रियात साल्झबर्गला जातोय, असं त्यांनी जाहीर केलं. साल्झबर्गच का, तर गावात किल्ला आहे, नदी आहे आणि गाव मिठाच्या व्यापारावर उभं राहिलेलं आहे. कोकणातल्या माणसाला याहून जास्त काय लागतं. तुमची तरी रजा मंजूर आहे का, असं मी विचारलं. साडूंनी फाइलची पानं पुन्हा सारखी केली आणि रजा होईल मंजूर, असं ते म्हणाले.

तिथून पुढचे सात महिने आमच्या आयुष्यात दुसरा विषय नव्हता. साडूंच्या धंद्यात कुठलंही यंत्र गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी ट्रायल घेतात. तशी त्यांनी सहलीची ट्रायल घ्यायला सुरुवात केली. साल्झबर्गच्या जुन्या गल्ल्या दगडी, तर बॅगांची चाकं टिकतील का हे पाहायला एका संध्याकाळी आम्ही पाच जण पाच भरलेल्या बॅगा ओढत मस्कतच्या जुन्या मत्रह बाजारातल्या गल्ल्यांतून दोन फेऱ्या मारून आलो. एका ओमानी आजोबांना आमची दया आली. विमान चुकेल म्हणून त्यांनी आपल्या पिकअपमधून थेट विमानतळावर सोडायची तयारी दाखवली. आमचं जाणं डिसेंबरात आहे आणि आत्ता जुलै चालू आहे, हे साडूंनी त्यांना मोडक्या अरबीत समजावलं. आजोबांनी जाताना आमच्यासाठी बहुतेक प्रार्थना केली असावी.

पण खरी ट्रायल ऑगस्टमधली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि साडूंना चिंता आमच्यापैकी कोणाला थंडी सोसते की नाही याची. त्यांच्या कंपनीकडे मासळीच्या एका शीतगृहाचं काम होतं. सकाळी आठ वाजता त्यांनी आम्हाला कोट, टोप्या, हातमोजे घालून तिथे उभं केलं. मस्कतच्या रुवी बाजारात ऑगस्टमध्ये लोकरी कोट मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी इथे सांगत नाही. शीतगृहाच्या मल्याळी वॉचमनने दार उघडलं आणि आम्ही सुरमईच्या खोक्यांमधून वीस मिनिटं 'नदीकाठी फेरफटका' मारला. साडू पुढे, हातात घड्याळ. इथे डावीकडे चर्च येईल, असं ते बर्फातल्या कोळंबीकडे बोट दाखवून सांगत होते. मनवा हसून हसून खाली बसली. सतराव्या मिनिटाला साडूंचा फोन वाजला, आणि आम्हाला त्या थंडीत सोडून ते फिल्टर विचारायला बाहेर गेले. माझ्या कोटाला त्या दिवशी जो सुरमईचा वास लागला तो पुढे साल्झबर्गपर्यंत माझ्याबरोबर आला.

जेवणाच्या बाबतीत साडूंचा हुकूम कडक होता. तिथे जाऊन तिथलंच खायचं, घरून चिमूटभर मसालासुद्धा न्यायचा नाही. ताई बरं म्हणाल्या. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला 'बरं' म्हणून जे जे मनासारखं करून घेतलं त्याची यादी केली तर साडूंच्या निळ्या फाइलीएवढी होईल.

या सगळ्यात रजा मात्र अडकून होती. अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, वाईट माणूस नव्हे. पण साडूंनी अर्ज पुढे केला की ते इन्शाल्ला म्हणत आणि चहा मागवत. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. व्हिसाला कंपनीचं पत्र लागतं, ते मिळेना. साडू बोलायचे थांबले नाहीत, पण आता ते किल्ल्याविषयी बोलायचे तेव्हा ताई आत निघून जायच्या. शेवटी नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी ते अर्जाऐवजी निळी फाइलच घेऊन अर्बाबसमोर बसले. पाच दिवसांचा पान पान कार्यक्रम अर्बाबनी चष्मा लावून पाहिला, म्हणे. बरोबर कोण जाणार, हे त्यांनी विचारलं. मुलगी, साडू म्हणाले. सतरा वर्षांची झाली, आणि आम्ही कधीच एकत्र कुठे गेलो नाही. अर्बाबना स्वतःच्या तीन मुली. त्यांनी पेन उचललं आणि सही करता करता ते आपल्या हिंदीत म्हणाले, "तुम इधर ठंडी बनाता है, और उधर ठंडी खरीदने जाता है?" अट एकच होती, डिसेंबरच्या बावीस तारखेच्या आत हातातल्या इमारतीच्या एसींचं काम पुरं करायचं. ते साडूंनी एकवीसलाच पुरं केलं आणि बावीसच्या सकाळी आम्ही खरोखरच विमानतळावर उभे होतो. साडूंनी बॅगा तीनदा तपासल्या.

आता त्या कार्यक्रमातल्या चोवीस तारखेविषयी. तो अख्ख्या सहलीचा कळस होता. साडूंनी लिहिलं होतं, दिवसभर विश्रांती, संध्याकाळी सहा वाजता बाहेर पडणे, बाजार, रोषणाई, जेवण, बारापर्यंत फिरणे. मस्कतमध्ये वीस वर्षं रमजान पाहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. सणाच्या दिवसांत दिवसा सगळं शांत, दुकानांची दारं ओढलेली, आणि सूर्य मावळला की गाव जागं होतं, माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही. सण म्हटला की असाच, हे आमच्या अंगात मुरलेलं. साडूंची ही चूक म्हणावी तर आम्हा पाचांपैकी एकालाही शंका आली नव्हती. चोवीसला खिडकीखाली सकाळपासून माणसांची लगबग चालली होती, खरेदीच्या पिशव्या दिसत होत्या, आणि आम्ही मात्र रात्रीसाठी शक्ती राखायची म्हणून दुपारी पांघरुणं घेऊन झोपलो होतो.

सहाला नटूनथटून खाली उतरलो, तर रस्त्यावर कोणी नव्हतं. दुकानं बंद. कालपर्यंत गजबजलेल्या चौकातल्या लाकडी टपऱ्यांना फळ्या लागलेल्या. साडूंनी निवडून ठेवलेलं हॉटेल बंद, त्याला पर्याय म्हणून लिहिलेली दोन हॉटेलंही बंद. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत दिवे होते, आत लोक आपापल्या घरी जेवायला बसले होते. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी इथला माणूस घराबाहेर राहत नाही, हे त्या सात महिन्यांच्या फाइलीत कुठेच नव्हतं.

साडू नदीवरच्या पुलाजवळ एका बाकावर जाऊन बसले. फाइल मांडीवर. त्यांचा चेहरा मी अनेक वर्षं पाहतोय, पण तो इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. "चुकलं माझं," ते मनवाकडे न बघता म्हणाले. "एकच दिवस होता, तो पण मी वाया घालवला." माझ्या बायकोने माझा हात धरला.

मनवा त्यांच्या शेजारी बसली. तिचं मराठी अडखळत येतं. महत्त्वाचं काही असलं की ती इंग्रजीत बोलते. त्या दिवशी ती मराठीत बोलली. "बाबा, आज तुमचा फोन एकदा पण नाही वाजला."

साडूंनी खिशातून फोन काढून पाहिला. तो चालू होता, रेंजही होती. ते त्याच्याकडे बघतच राहिले. मग मनवा उठली, तिने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, आणि त्या दोघांनी पुढे आणि आम्ही तिघांनी मागे असा अख्खा नदीकाठ पायाखाली घातला. चर्चच्या घंटा वाजू लागल्या. किल्ल्यावर दिवे होते. बापलेक काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण मधूनमधून मनवाचं हसू ऐकू येत होतं, आणि एकदा ते कोळंबी दिसली का असं विचारत असावेत, कारण त्यांनी डावीकडच्या चर्चकडे बोट केलं होतं. परत आलो तेव्हा भुकेने जीव चालला होता. ताईंनी बॅगेतल्या गरम कपड्यांच्या घडीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं, ताईंनी 'बरं' म्हटलं, आणि आम्ही पलंगावर वर्तमानपत्र पसरून जेवलो.

मनवा आता कॅनडात असते. साडू दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये, आपल्या नेहमीच्या पाळीला, कायमचे गुहागरला राहायला गेले. तरी वर्षाअखेर जवळ आली की त्यांच्याकडून मला मोबाइलवर साल्झबर्गचा कार्यक्रम येतो, मनवाला सुट्टी मिळाली तर पुन्हा जायचा, सुधारून पक्का केलेला. किल्ला कधी उघडतो, कुठली बस सुट्टीच्या दिवशी धावत नाही, तेवीसला किती वाजेपर्यंत बाजार चालू असतो, सगळं अगदी अचूक. फक्त चोवीस तारखेच्या ओळीला हात लावलेला नसतो. संध्याकाळी सहा वाजता बाहेर पडणे.

गेल्या खेपेला मी फोन करून म्हटलं, "भाऊ, हे तेवढं बदलायचं राहिलंय. त्या वेळी तिथे सगळं बंद असतं."

"माहीत आहे की साडूभाऊ," ते म्हणाले, "म्हणून तर तसंच ठेवलंय."