पाचवं शील

रविवारी विहारात पंचशील म्हणताना माझा धाकटा भाऊ चार शीलं मोठ्यानं म्हणायचा आणि पाचव्याला गप्प व्हायचा. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते तो असं पाळायचा.

वारूळवाडीत त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. सकाळी हात इतके थरथरायचे की तांब्याची तार गुंडाळता येत नसे. आमचे आजोबा दारूनं गेले, वडीलही. मी शाळेत ग्रंथपाल. नव्वदच्या दशकात जनुकांविषयी मिळेल ते वाचायचे आणि हौसेनं त्याला सांगायचे, की व्यसनाचा कल वंशातून येतो. ती माझी चूक. त्याला आयतं कारण मिळालं.

"आक्का, तूच म्हणती ना, रक्तातच हाय. मंग मी काय करू?" असं म्हणून तो बाहेर पडायचा. 

दोन हजार सालानंतर एकदा थरथरत्या हातानं त्यानं चालू तारेला स्पर्श केला. वाचला. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी काही दिवस दवाखान्यात ठेवून त्याची दारू बंद केली, मग एक गोळी दाखवली.

"काही माणसांना जन्मतःच दारू सोसत नाही. त्यांची जनुकंच तशी. घोटभर घेतली तरी तोंड लाल होतं, मळमळतं. या गोळीनं तुमचं शरीर तसं होईल. पण गोळी घेऊन प्यायलात तर जिवावर बेतेल. रोज बहिणीसमोर घ्यायची."

भाऊ म्हणाला, "म्हंजे दुसऱ्याचं रक्त उसनं घ्यायचं. चालतंय. आपलं लई दिवस वापरलं."

रोज सकाळी दुकानाला जाताना तो माझ्या ओट्यावर थांबायचा. मी पाणी द्यायचे आणि विचारायचे, "आज कुठल्या घराण्यातला?"

"चांगल्या," म्हणून तो गोळी गिळायचा.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी गोळी थांबवली. त्यानंतरचे कितीतरी महिने मी रोज त्याच्या हातांकडे बघत होते. ते स्थिर राहिले. मग एका रविवारी पाचव्या शीलाला त्याचा आवाज आला, सगळ्यांच्या वर. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मागं वळून पाहिलं. माझं शील म्हणायचं राहूनच गेलं.

पुढं तो हृदयविकारानं गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीत पाचवं शील आलं तेव्हा मी ते रडत, पण मोठ्यानं म्हटलं. तीन पिढ्यांत आमच्या घरातला दारूनं न गेलेला तो पहिला पुरुष.